उंबरवाडीच्या नळाची मागणी ही तक्रार नसल्याबाबत

दि. १७ जानेवारी २०२५

प्रति,
मा. विशेष अधिकारी,
डोंगरपायथा अतिक्रमण व पुनर्स्थापना कक्ष,
लोणावळा.

विषय : माझा मार्चमधील अर्ज 'तक्रार' म्हणून दप्तरी नोंदविल्याची दुरुस्ती होऊन उंबरवाडीची कुटुंबे मूळ जागी परत वसविण्याबाबत.

संदर्भ : १) माझा गेल्या वर्षीचा मार्च महिन्यातील अर्ज.
२) आपले 'तक्रार निकाली काढल्याबाबत'चे पत्र.
३) आपले दि. ६ जानेवारीचे पत्र.

महोदय,

उपरोक्त प्रकरणी आपल्या कार्यालयात माझे नाव 'तक्रारदार' या रकान्यात आहे. मी कोणाचीही तक्रार केलेली नव्हती. ती नोंद दुरुस्त व्हावी म्हणून घडलेली हकिगत क्रमाने सादर करीत आहे. अर्ज लांबला आहे याची जाणीव आहे. मी शाळेत मुलांना अर्जलेखन शिकवीत असे व अर्ज एका पानात बसावा असे सांगत असे. हा बसत नाही.

१. मी तळेगावच्या एका शाळेत मराठीची शिक्षिका होते. निवृत्तीनंतर पती श्री. त्र्यंबक बापट यांच्यासह लोणावळ्यातील 'गिरिछाया' या सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहते. संस्थेच्या मागच्या भिंतीपलीकडे, उताराच्या अंगाला, गेल्या मे महिन्यापर्यंत उंबरवाडी ही कातकरी समाजाची वस्ती होती. कुडाच्या भिंती आणि वर कौले, अशी दहा-पंधरा घरे. आमची संस्था उभी राहिली तेव्हा ती तेथे होतीच. वाडीतील श्रीमती बारकीबाई मारुती हिलम आमच्याकडे केर-फरशी व भांडी करीत. त्या माझ्याच वयाच्या आहेत. मी त्यांना 'अगं बारकी' म्हणत असे व त्या मला 'बाई' म्हणत. 'श्रीमती' हा शब्द मी त्यांच्या नावामागे या अर्जात प्रथमच लिहीत आहे.

२. आमच्याकडे गावातून कामाला येणाऱ्या बायका मुख्य फाटकातून येतात-जातात. वाडीच्या माणसांना मात्र मागच्या भिंतीतले लहान दार होते. तसा सर्वसाधारण सभेचा ठराव आहे. कारण 'सुरक्षितता' असे नोंदवले आहे. 'कातकरी' हा शब्द सभेत कोणी उच्चारला नाही, तशी गरज पडली नाही. संस्थेत कोणाचे काही हरवले की पहिली झडती वाडीत होई, आणि वस्तू घरातच सापडली तर ते सांगायला वाडीत कोणी जात नसे. बाजारातून वर यायला संस्थेची विजेवर चालणारी रिक्षा आहे, ती 'फक्त सभासद व पाहुण्यांसाठी'. बारकीबाई सामान उचलायला माझ्याबरोबर बाजारात येत. परतताना मी आणि पिशव्या रिक्षात बसून येत असू व त्या चढण पायी येत. मी वर पिशव्यांपाशी त्यांची वाट पाहत उभी राही. 'किती गं उशीर!' असे मी त्यांना म्हटलेले आहे, एकदाच नव्हे. ठराव झाला तेव्हा मी हात वर केला होता.

३. वाडीला पाणी म्हणजे खालच्या ओढ्यातला झरा. तो आटला की बायका आमच्या सांडपाण्याच्या टाकीतून शुद्ध होऊन बाहेर पडणारे पाणी भरत. ते पाणी आम्ही झाडांना घालतो. गेल्या मार्चमध्ये बारकीबाईंची सून जनी तेथे हंडा घेऊन घसरली. तिला सातवा महिना होता. पोटातले बाळ वाचले, जनीचे मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी बारकीबाई कामाला आल्या व भांडी घासू लागल्या. मला राहवले नाही. मी म्हटले, 'मी तुमच्यासाठी नळाचा अर्ज करते.' त्यांनी हातातले पातेले खाली ठेवले. 'आमच्या नावाचा नळ व्हईल का, बाई?' मी म्हटले, 'तुमच्याच नावाचा.'

त्या दुपारी मी वाडीत गेले. इतकी वर्षे शेजारी राहून पहिल्यांदाच. प्रत्येक घरापाशी नाव लिहून घेतले. नळ कोठे हवा ते बायकांनी उंबराखाली पाय आपटून दाखवले. अर्ज वजनदार व्हावा म्हणून मी सोबत नकाशा काढला. मुख्य रस्ता, आमचे फाटक, भिंत, उंबर आणि प्रत्येक घर, सर्व रंगीत पेन्सिलीने. अर्जात मी 'शासकीय जागेवर झोपड्या बांधून राहणाऱ्या या निराधार लोकांना' असे वाक्य लिहिले. पतींनी ते वाचून विचारले, 'झोपड्या कशाला लिहितेस? चांगली घरं आहेत ती.' मी म्हटले, 'झोपड्या म्हटलं की साहेबांना दया येते.'

महोदय, त्या वाक्यातले दोन्ही शब्द माझे आहेत, 'शासकीय जागेवर' हे आणि 'झोपड्या' हेही. वाडीतल्या कोणाच्याही तोंडून ते आले नव्हते. आपल्या मे महिन्यातील आदेशात ते जसेच्या तसे उतरले आहेत.

४. एप्रिलमध्ये आपले दोन कर्मचारी पाहणीला आले. त्यांना वाडीत मीच घेऊन गेले. बारकीबाईंनी चहा केला. त्यांचे यजमान मारुती व आणखी काही माणसे वीटभट्टीवर होती, त्यांना बारकीबाईंनी फोन करवून बोलावून घेतले. 'सगळी या. ज्याचं नाव सुटंल त्याला पानी न्हाई,' असे त्या फोनवर ओरडून सांगत होत्या. माणसे काम अर्धे टाकून आली. प्रत्येक कुटुंबाला दारात उभे करून फोटो घेण्यात आला. बायकांनी मुलांचे केस विंचरले. 'नीट उभे राहा, हसा जरा,' असे सांगत मी फोटो काढणाऱ्याच्या बाजूला उभी होते. ते फोटो आता आपल्या दप्तरात 'अतिक्रमणधारक' या मथळ्याखाली आहेत.

५. एप्रिल संपता संपता उंबराच्या खोडाला नोटीस चिकटवण्यात आली. वाडीत वाचता येणारी मुले शाळेत गेली होती म्हणून ती मला वाचायला बोलावले. अनधिकृत बांधकाम स्वतःहून काढून घ्यावे असा मजकूर होता. मारुतींनी विचारले, 'मंग आमी काय करायचं, बाई? कौलं उतरवून ठिवू का?' मी म्हटले, 'काही उतरवू नका. असे छापील कागद सगळीकडे लागतात. मी आहे ना. आधी नळ येईल.'

त्यांनी माझे ऐकले. कौले उतरवली असती तर ती तरी वाचली असती.

६. मेच्या शेवटच्या आठवड्यात यंत्र आले. वाडीची पायवाट अरुंद, म्हणून यंत्रासाठी आमचे मुख्य फाटक उघडण्यात आले व मागची भिंत एका जागी पाडण्यात आली. संस्थेचे सचिव श्री. प्रज्ञेश यांनी बंदोबस्तातील लोकांना सरबत दिले. वाडीच्या माणसांना ज्या फाटकातून कधी येऊ दिले नव्हते, त्यातून त्यांची घरे मोडणारे यंत्र गेले. हे मला त्या वेळी सुचले नाही. नंतर सुचले.

मी धावत गेले तेव्हा बारकीबाई घरातून डबे बाहेर काढत होत्या. त्यांच्या काखेत कोंबडी होती. 'जरा धरा, बाई,' म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. ती तशीच धरून मी आपल्या पथकप्रमुखांसमोर उभी राहिले व म्हटले, 'हे थांबवा. मी तर नळ मागितला होता.' त्यांच्या हातात माझ्या नकाशाची प्रत होती. त्यांनी अर्जाचे पान उलटून मला दाखवले. 'सही आपलीच ना, मॅडम?' मी म्हटले, 'माझीच.' 'मग आपल्याच तक्रारीवर कारवाई चालू आहे. काम होतंय तर आता आडवं का येताय?' त्यांनी हे सौम्यपणे म्हटले. ते उद्धट बोलले असते तर मला भांडता आले असते.

बारकीबाई तेथेच होत्या, त्यांनी सारे ऐकले. मारुतींबरोबर त्यांनी दाराची चौकट ओढून सोडवली, मग येऊन माझ्या हातातून कोंबडी घेतली.

७. कुटुंबांना कान्हे स्टेशनापलीकडील पत्र्याच्या शेडमध्ये नेण्यात आले. त्यानंतर संदर्भ क्र. २ चे पत्र मला मिळाले. त्यात लिहिले आहे : 'अर्जदाराच्या मागणीनुसार सदर कुटुंबांना नळाच्या पाण्याची सोय असलेल्या ठिकाणी हलविण्यात आले असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' मूळ पत्रात 'निकाली'तली 'ली' ऱ्हस्व लिहिलेली आहे. माझे लक्ष पहिल्यांदा तिकडे गेले. मग अर्थाकडे.

म्हणजे वाडीत नळ आणता आला नाही म्हणून वाडी नळापाशी नेण्यात आली. आपल्या दृष्टीने माझी मागणी पूर्ण झाली आहे. मी शेडवर जाऊन पाहिले. नळ आहे, त्याला चांगले पाणी येते. पण सभोवती तारेचे कुंपण असून फाटकावर रखवालदार आहे. आत-बाहेर करताना ओळखपत्र दाखवावे लागते. पाहुणा मुक्कामाला ठेवता येत नाही. अंधार पडल्यावर बाहेर जायला कारण सांगावे लागते. खेकडे पकडायला जातो, हे कारण तेथे चालत नाही. मी दुपारी गेले तरी फाटकावर मलाही विचारले, पण 'मॅडम, जा' म्हणून लगेच सोडले. बारकीबाई म्हणाल्या, 'पानी लय हाय, बाई. रान न्हाई, वढा न्हाई, वळखीचं मानूस न्हाई. आता नळाखाली बसून ऱ्हायचं का?' जनीला तेथेच मुलगी झाली. बारशाला तिच्या माहेरच्या माणसांना आत घेतले नाही. त्यांनी तारेबाहेरून बाळाला पाहिले.

८. पुढील बाब लिहिणे जड जाते. परंतु ती प्रकरणाचा भाग आहे. ऑगस्टमध्ये संस्थेच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी मला मंचावर बोलावले. 'बापट मॅडमच्या एका अर्जाने आपला इतक्या वर्षांचा प्रश्न सुटला,' असे ते म्हणाले. वाडीच्या मोकळ्या जागेवर संस्थेसाठी वाहनतळ करण्याचा प्रस्ताव त्याच सभेत आला. मला शाल आणि नारळ देण्यात आला. मी बोलायला तोंड उघडले, पण टाळ्या चालू होत्या, आणि पुढच्या रांगेत रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्या बायका बसल्या होत्या. मी शाल घेतली. आभारही मानले. घरी आल्यावर पती एवढेच म्हणाले, 'तू बोलशील असं वाटलं होतं.'

९. शेडमध्ये गेल्यानंतरही वाडीतल्या काही बायका लोकलने लोणावळ्याला कामाला येत होत्या. आता त्या 'बाहेरगावच्या' झाल्या म्हणून संस्थेने त्यांच्याकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागितला. दाखला मिळेपर्यंत मागच्या दारानेही यायचे नाही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी त्या सगळ्या एकत्र आल्या, आणि मागच्या दाराकडे न जाता मुख्य फाटकातून सरळ आत शिरल्या. धुतलेली लुगडी नेसून, केसात फुले माळून आल्या होत्या. रखवालदाराला वाटले कोणाकडे कार्य आहे, म्हणून त्याने आधी अडवले नाही. चौकात रिक्षा उभी होती. बारकीबाई त्यात जाऊन बसल्या, शेजारी जनी बाळाला घेऊन बसली, आणि ज्यांना जागा मिळाली नाही त्या रिक्षाभोवती जमिनीवर बसल्या. घोषणा नाही, फलक नाही. श्री. प्रज्ञेश आले. 'उतरा आधी खाली. ही सभासदांची रिक्षा आहे.' बारकीबाई म्हणाल्या, 'तुमच्या पिशव्या बसत्यात हिच्यात. त्या कुटं सभासद हायत? आमची वाडी कुटं गेली ते सांगा, मंग उतरतो.'

तोपर्यंत सगळ्या गॅलऱ्यांतून माणसे पाहत होती. मी खाली आले होते. बारकीबाईंनी मला पाहिले, आणि त्या जनीला म्हणाल्या, 'सरक जरा.' जनी सरकली. बारकीबाईंनी सीटवर हात ठेवला. 'या बाई, बसा.'

महोदय, त्या क्षणी मी त्यांच्याबरोबर बसणे एवढेच करायचे होते. मला कोणीही अडवले नसते. मी म्हटले, 'माझे गुडघे दुखतात गं, मला चढता येणार नाही.' त्याच रिक्षात मी आठवड्यातून तीनदा चढते. हे तेथे सर्वांना माहीत होते. त्यांना तर होतेच. त्यांनी सीटवरचा हात उचलून मांडीवर घेतला.

पोलीस आल्यावर त्या उठून चालत गेल्या. बेकायदा जमाव व मालमत्तेचे नुकसान, असा गुन्हा बारकीबाई, जनी व इतर बायकांवर दाखल आहे. रिक्षाचे काहीही नुकसान झालेले नव्हते. त्या कागदांत 'सदर इसमांविरुद्ध पूर्वीपासून रहिवाशांची तक्रार होती' असे म्हटले असून त्याला आधार म्हणून माझा नळाचा अर्ज जोडला आहे. तो अर्ज तिसऱ्यांदा वापरला गेला.

१०. यानंतर बरीच कुटुंबे शेड सोडून निघून गेली. त्याबाबत आपले दि. ६ जानेवारीचे पत्र मला आले. यादी व नकाशा पूर्वी मीच सादर केल्यामुळे तक्रारदार या नात्याने मी त्या कुटुंबांचा सध्याचा ठावठिकाणा पंधरा दिवसांत कळवावा, अन्यथा माहिती दडविल्याबद्दल माझ्यावर कार्यवाही होईल, असे आपण लिहिले आहे.

पत्र आले तेव्हा मला ठावठिकाणा माहीत नव्हता. गेल्या रविवारी मात्र बारकीबाई आमच्या फाटकाबाहेर येऊन थांबल्या. जनी मुलीला घेऊन बरोबर होती. मुलीला ताप होता. आम्ही तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी औषध देऊन सोडले. परतताना मी पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर चालत निघाले. एका वळणावर बारकीबाई थांबल्या. 'बाई, हितनं फुडं आलात तर तुमाला समदं कळंल. कळलं की तुमी लिवनार.' त्यात राग नव्हता. माझ्याबद्दल त्यांना जे माहीत आहे ते त्यांनी सांगितले. मी म्हटले, 'लिहिणार नाही.' जनी म्हणाली, 'येऊ द्या आत्या, पोरीचं औषध त्यास्नीच समजावलंय.' त्या पुढे चालू लागल्या व मी मागून गेले.

या अर्जाचा कच्चा मसुदा माझ्या पिशवीत होता. तेथे चुलीपाशी बसून तो मी त्यांना सर्व वाचून दाखवला, शालीचा आणि गुडघ्यांचा भागसुद्धा. मारुती मध्येच उठून गेले. बारकीबाईंनी शेवटपर्यंत ऐकला. अर्ज त्यांच्याही नावे व्हावा म्हणून मी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. त्यांनी हात पदराखाली घेतला. 'अंगठा न्हाई देनार. तुमचं तुमी लिवलंय, तुमीच द्या.' मग त्यांनी विचारले, 'ह्यात आमची ही जागा हाय का?' मी म्हटले, 'नाही.' 'मंग द्या.'

११. सबब मी पुढील विनंत्या करीत आहे. माझा मार्चमधील अर्ज तक्रार नव्हता, ती नोंद रद्द व्हावी, व त्यावर आधारलेला मे महिन्यातील आदेशही रद्द व्हावा. तो रद्द होणे शक्य नसल्यास तसे कोणत्या नियमाने, हे मला लेखी कळवावे. मी पुढच्या कार्यालयात जाईन. वाडीची जागा वाहनतळास देऊ नये. तेथे घरे पूर्ववत बांधून देण्यात यावीत व नळही तेथेच द्यावा. बायकांवरील गुन्ह्याच्या कागदांतून माझा अर्ज काढून टाकावा, आणि न्यायालयात मला त्यांच्या बाजूची साक्षीदार म्हणून बोलवावे. मी रिक्षा धडधाकट पाहिली आहे. मागच्या दाराचा ठराव ज्यांनी हात वर करून मंजूर केला त्या सर्वांची चौकशी व्हावी. त्यात माझे नाव वगळू नये. या अर्जाची प्रत मी संस्थेच्या सूचनाफलकावर लावली आहे. काल सायंकाळी ती कोणी तरी काढली, आज मी दुसरी लावली. फिरायला येणाऱ्या बायका आता माझ्यासाठी थांबत नाहीत. हे तक्रार म्हणून लिहिलेले नाही. कृपया तशी नोंद करू नये.

१२. आपण मागितलेल्या माहितीबाबत : उंबरवाडीची कुटुंबे सध्या कोठे आहेत हे मला माहीत आहे. तेथे जायचा रस्ता मला माहीत आहे. किती चुली आहेत तेही मी पाहिले आहे. ही माहिती मी आपणास देणार नाही. परतीचा आदेश सहीशिक्क्यानिशी निघाला की तो मी स्वतः तेथे नेऊन वाचून दाखवीन. यायचे की नाही ते त्यांचे ते ठरवतील. पंधरा दिवसांची मुदत मंगळवारी संपते. त्यानंतर मी घरीच आहे.

कार्यवाहीस तयार असलेली,

(सही)
अरुंधती त्र्यंबक बापट
अर्जदार
'गिरिछाया', लोणावळा